रोल नंबर 23 कुठे आहे? शाळेतली हरवलेली मंडळी शोधताना : वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतरच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की आमच्या 1988 च्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं आणि वर्गातल्या 61 जणांपैकी 55 जण आम्हाला सापडले. एवढंच लिहिलं होतं, पण त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आलेत ते वाचून कळलं की हा शोध किती घरांमध्ये चालू आहे. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा पुरणार नाही म्हणून सात प्रश्न घेतलेत, ज्यांत बऱ्याच जणांचं दुखणं येऊन जातं. नाव कुणाचंच छापलेलं नाही.

आमची शाळा लालबाग-परळ भागातली, दहावी मार्च 1985. सातवीत आम्ही 58 जण होतो आणि दहावीला बसलो तेव्हा 40 सुद्धा उरलो नव्हतो, कारण गिरण्यांचा संप झाला आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलेली कितीतरी पोरं जूनमध्ये परत आलीच नाहीत. आता ग्रुपवर काही जण म्हणतात की ज्यांनी आपल्याबरोबर दहावी केलीच नाही त्यांना कशाला शोधायचं. मला माझ्या बाकावरचा रोल नंबर 23 पाहिजे. रत्नागिरीकडचा होता, बाकी काही आठवत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

दादा, ग्रुपवरच्या त्या म्हणण्याचं आधी बोलते कारण मला ते अजिबात पटलेलं नाही. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, साधारण अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तेव्हा तुम्ही बारा-तेरा वर्षांचे. ज्याच्या वडिलांचा पगार थांबला त्याची मुंबईतली शाळा थांबली, त्यात त्या पोराचा काय दोष. तुमच्या बॅचची यादी दहावीच्या निकालावरून करू नका, पाचवीच्या हजेरीवरून करा. नापास होऊन मागे राहिलेले, आठवीत काम धरलेले, नववीत लग्न झालेल्या मुली, सगळे त्यात आले पाहिजेत. आमच्या 61 मध्ये दहावीला न बसलेले 14 जण होते आणि मेळाव्याला सगळ्यात आधी हजर झाले त्यातले निम्मे तेच होते.

आता शोधायचं कसं. ग्रुपवर "याला कोण ओळखतं" असं सगळ्यांना विचारलं की कुणीच उत्तर देत नाही, त्यापेक्षा 22 आणि 24 ला फोन करा. सर हजेरी घ्यायचे तेव्हा आपल्या आधी कोणाचं नाव येतं ते प्रत्येकाला पाठ असायचं, कारण ते नाव आलं की सावध व्हायचं, आणि ते नाव वडिलांच्या नावासकट डोक्यात राहतं. तुम्हाला वडिलांचंच नाव पाहिजे, कारण पुढं सगळीकडं तेच लागणार आहे.

मग शाळेत जाऊन जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेली वही, बघायची विनंती करा, त्यात जन्मठिकाण असतं. पण एक लक्षात ठेवा, आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यामुळं लिहिलेलं गाव बऱ्याचदा मुलाचं आजोळ असतं, वडिलांचं गाव नसतं. तिथं जाऊन वडिलांच्या आडनावानं विचारलं तर लोक म्हणतील अशी घरं आमच्या गावात नाहीतच, आणि तुम्ही निराश होऊन परत याल. तिथं असं विचारायचं की इथली कोणती मुलगी मुंबईला गिरणीवाल्याकडं दिली होती. मामाचं घर सापडलं की भाचा सापडलाच समजा.

कोकणातल्या जवळपास प्रत्येक गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. पूर्वी गावकीच्या खोल्या असायच्या, आता पोरं विरार, बदलापूर, दिवा अशी पांगलीत पण मंडळ आहे, वर्गणी आहे, क्रिकेटच्या टुर्नामेंट आहेत, आणि खजिनदाराच्या वहीत वाडीनिहाय नंबर असतात. गाव कळलं की त्या खजिनदाराला गाठा. गाव नाहीच कळलं तर तो ज्या चाळीत राहायचा तिथल्या गणेशोत्सव मंडळाचे जुने अहवाल बघा, चाळीच्या जागी टॉवर झाला असला तरी मंडळ टिकून असतं आणि कुणाच्या तरी माळ्यावर 1980-81 चा अहवाल सापडतो, त्यात वर्गणीदारांची नावं बऱ्याचदा खोली नंबरसकट छापलेली असतात. अजून एक वाट म्हणजे म्हाडाने 2012 पासून गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडती काढल्या, त्या गिरणीवार होत्या, कामगार वारलेला असेल तर वारसाचं नाव पुढं आलेलं असतं. वडील कोणत्या गिरणीत होते हे 22 किंवा 24 ला आठवलं तर हेही बघा, तो वारस म्हणजे तुमचा मित्र किंवा त्याच्या घरातलंच कुणीतरी असणार.

आणि हे सगळं गणपतीच्या आधी उरकून ठेवा. गणपतीत नाहीतर शिमग्याला तो नक्की गावच्या घरी असणार, गाठायचे दिवस तेच.

ताई, आमची 1992 ची बॅच. मुलगे जवळजवळ सगळे मिळाले पण 24 मुलींपैकी फक्त 7 मिळाल्या. फेसबुकवर नाव टाकून टाकून दमले. मुलांनी तर आता "आपल्या वर्गातल्या हरवलेल्या मुली" म्हणून निरोप समारंभाचा फोटो फेसबुकवर टाकायचं ठरवलंय. टाकू देऊ का? (एक मैत्रीण, कराड)

नको गं, तो फोटो आधी थांबव. तुला काय माहीत आज कोण कशा घरात आहे, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा फोटो तिला न विचारता जगाला दाखवायचा हक्क आपल्याला नाही, आणि त्याखाली कोण काय कमेंट टाकेल ते आपल्या हातात राहत नाही. ज्या मिळाल्यात त्यांच्या त्यांच्यात ठेवा तो.

फेसबुकवर का मिळत नाहीत ते सांगते. आडनाव बदललंय हे तर सगळ्यांना कळतं, पण आपल्या भागात त्या काळी लग्नात नावही बदलायचे हे मुलगे विसरतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून तू लहानपणापासून जिला जे म्हणत होतीस ती त्या नावाची राहिलीच नाही. रेशनकार्डावर, बँकेत, मतदार यादीत सगळीकडं नवीन नाव, त्यापुढं नवऱ्याचं नाव. मग कॉम्प्युटरला जुनं नाव विचारून काय मिळणार?

म्हणून मुलीला शोधायचं तर तिच्या माहेरातून, आणि माहेरात पण भावाला नाही, वहिनीला विचारायचं. भावाकडं नंबर असतो पण तो म्हणतो "बघून देतो" आणि राहून जातं, वहिनीच्या मोबाईलमध्ये मात्र नणंदेचा नंबर वरच असतो कारण सणावाराचं सगळं त्या दोघींचंच ठरत असतं. माहेर गावात राहिलं नसेल तर त्या घरात नंतर जे कार्य झालं असेल त्याची आहेराची वही कुणाकडं मिळते का बघ. भावाचं लग्न, वास्तुशांत, काहीही. आपल्याकडं आहेराची वही जपून ठेवतात, कारण परत करायचा असतो, आणि त्यात ओळीनं नाव, गाव, साडी की पाकीट सगळं लिहिलेलं असतं. लेक-जावयाचं नाव त्यात गावासकट असतंच. आम्हाला दोघीजणी अशा वहीतून मिळाल्या.

आणि आमची रोल नंबर 51 मिळाली ती कासारकाकूंमुळं. तिचं माहेरचं घर पडून तिथं आता मोबाईलचं दुकान झालंय, आईवडील नाहीत, भाऊ कुठं गेला कुणाला पत्ता नाही, तीन महिने आम्ही नुसतं विचारत होतो. मग एक दिवस बाजारपेठेत कासारकाकूंकडं बसले होते, सत्तरी ओलांडली आता त्यांनी, सहज विषय काढला तर त्या नाव ऐकून काही बोलल्या नाहीत, माझा हात हातात घेतला, मनगट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "ती होय, तुझ्याहून बारीक हात तिचा, दोन-चारचं माप. चुडा भरायला मीच गेले होते, फलटणच्या पुढं दिली, नवरा एसटीत." चौतीस वर्षांपूर्वीचा चुडा, आणि त्यांना बांगडीचं माप आठवत होतं. फलटण डेपोत एका जुन्या कंडक्टरनी एका दिवसात पत्ता लावून दिला. मी फोन केला, घरात कुणीतरी उचलला, मग ती आली, मी तिला शाळेतल्या नावानं हाक मारली. बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "थांब, दार लावून येते."

आई गेल्यापासून त्या नावानं तिला कुणीच हाक मारलेली नव्हती.

म्हणून तुला विनवणी आहे की मुलींना पहिला फोन मुलीनंच करायचा, मुलग्यांनी करायचा नाही. सासूनं उचलला तर "मी तुमच्या सूनबाईंची शाळेतली मैत्रीण, अमुक गावची" असं पूर्ण सांगायचं, माहेरचं गाव आलं की समोरचा आवाज बदलतो. पुरुषाचा फोन आला की काही घरांत आजही तिला चार दिवस उत्तरं द्यावी लागतात. आणि तिला न विचारता ग्रुपमध्ये ॲड करायचं नाही, लिंक पाठवायची, तिला वाटलं तर ती येईल. काहीजणींना ग्रुपच नको असतो पण तुम्ही सगळ्याजणी वेगळं भेटणार असाल तर त्या येतात. आमच्या अशा तिघी होत्या, त्यांना मेळाव्याच्या आदल्या दिवशी एका मैत्रिणीच्या घरी बोलावलं, पिठलं-भाकरी केली, दुपारभर बसलो. मेळाव्याला नाही आल्या. मी त्यांना सापडलेल्यांतच धरते.

वेळ म्हणशील तर नागपंचमी, गौरी, भाऊबीज आणि गावची जत्रा. या दिवसांत माहेरवाशिणी गावात असतात, तेव्हा तू स्वतः गावात असशील असं बघ.

आमच्या शाळेत क्लार्कने रजिस्टर दाखवायला नकार दिला. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून वर्गातल्या सगळ्यांचे पत्ते मागता येतील का? (अहिल्यानगर जिल्ह्यातून)

टाकू नका. 2005 च्या त्या कायद्यातच कलम 8 मध्ये दुसऱ्याची खाजगी माहिती न देण्याची मोकळीक ठेवलेली आहे, अर्ज फेटाळला जाईल आणि शाळेशी वाकडं येईल ते वेगळंच. क्लार्कचंही चूक नाही, त्या रजिस्टरमध्ये जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण सगळं असतं आणि त्याचे फोटो काढून कुणी ग्रुपवर टाकले तर जबाबदारी त्याच्यावर येते. तुम्ही चार-पाच जण आपापल्या दाखल्याची झेरॉक्स जोडून मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, आमच्या तुकडीची फक्त नावं आणि गावं समोर बसून लिहून घेऊ द्या, फोटो काढणार नाही, असं लिहा. मे महिन्यात किंवा परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका, दिवाळीच्या सुट्टीआधी जा. आमच्या वेळचं रजिस्टर शिवण सुटून पानं मोकळी झालेलं होतं, आम्ही शाळेच्याच परवानगीनं त्याचं बाइंडिंग करून दिलं.

मोबाईल नंबर रजिस्टरमध्ये मिळणारच नाहीत. त्यासाठी रिटायर झालेले शिपाईमामा गाठा. सरांपेक्षा त्यांना जास्त माहिती असतं, कोण फी भरायला आजोबांबरोबर यायचा, कोण कुणाच्या सायकलवर यायचा. आणि तुमच्या मागच्या-पुढच्या दोन-दोन वर्षांच्या बॅचचे ग्रुप असतीलच, त्यांच्या ॲडमिनला फक्त आडनावांची यादी पाठवा. एका घरातली तीन-तीन भावंडं एकाच शाळेत असायची, तुम्हाला न सापडलेल्याची बहीण दुसऱ्या बॅचच्या ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग टाकत असेल. आमचे नऊ जण फक्त या एका मार्गानं मिळाले.

वर्गात एक मुलगा दोनच वर्षं होता, 1991 ते 93, वडील विद्युत मंडळात होते, बदली होऊन गेले. माझा जिवलग मित्र. गावच माहीत नाही तर सुरुवात कुठून करू? (नांदेडहून)

बदलीवाल्यांना गाव नसतं पण खातं असतं. विद्युत मंडळाचे 2005 मध्ये भाग पडले, महावितरण, महापारेषण, महानिर्मिती असे, पण तुमच्या मित्राचे वडील त्या वेळचे म्हणजे आता रिटायर झालेले असणार, आणि रिटायर मंडळींच्या संघटना असतात, मेळावे असतात. तुमच्या गावच्या ऑफिसमध्ये त्या काळी जे वायरमन म्हणून लागले ते तिथलेच असतात, त्यांची बदली झाली तरी घर गावातच असतं. त्यांना विचारा, "1993 ला आपले साहेब इथून कुठं गेले?" पुढच्या गावाचं नाव मिळालं की तिथल्या शाळेत विचारा. पोलीस, पाटबंधारे, बँक, एसटी सगळ्यांना हाच मार्ग. तुमच्याकडं ऑटोग्राफची वही असेल तर काढा, बदलीची मुलं त्यात आवर्जून कायमचा पत्ता लिहून जायची, पिनकोडसकट. त्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाका, अजून 50 पैशाला मिळतं, आणि उघडं असल्यामुळं पोस्टमन वाचतो. लहान गावात हेच उपयोगी पडतं, माणूस तिथं नसला तरी पोस्टमन सांगतो कुणाला विचारायचं.

खूप शोधून एक मित्र मिळाला. फोनवर रडला, म्हणाला येतो. ग्रुपमध्ये घेतलं, चार दिवसांत न सांगता लेफ्ट झाला. आता फोन उचलत नाही. आमचं काय चुकलं? (पिंपरी-चिंचवडहून)

पत्राबरोबर तुम्ही ग्रुपवरचे चार दिवसांचे मेसेज पाठवलेत ते मी नीट वाचले. पहिल्या दिवशी त्याचं स्वागत, छान. दुसऱ्या दिवशी एकानं विचारलंय "सध्या काय करतोस", त्याला त्याचं उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रिसॉर्टचे फोटो आणि माणशी 2500 रुपये कॉन्ट्रिब्युशन, फॅमिलीसह आल्यास वेगळे. चौथ्या दिवशी "ज्यांचे पेमेंट बाकी आहे" अशी यादी, त्यात त्याचं नाव. दुपारी तो लेफ्ट झालाय.

त्याचं काय चाललंय मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही, पण ज्याच्या घरात 2500 रुपये बाजूला काढणं जड आहे त्यानं ते कुठं बोलायचं? नाव यादीत आल्यावर त्याला दुसरा मार्गच उरला नाही. तुम्ही रिसॉर्ट रद्द करा असं मी स्पष्ट सांगते. शाळेच्याच वर्गात करा, त्याच बाकांवर बसा, जेवण पंगतीचं ठेवा. खर्च ज्यांना जमतो त्यांनी करा आणि कोणी किती दिले ते एका खजिनदाराशिवाय कुणालाही कळता कामा नये, त्याची यादी ग्रुपवर कधीच टाकायची नाही. आम्ही खजिनदार निवडली ती आमच्यातली एक अंगणवाडी सेविका, तिच्या पोटातून आजपर्यंत एक आकडा बाहेर आलेला नाही.

आणि "सध्या काय करतोस" हा प्रश्न बंद करा. "कुठं असतोस" विचारा. त्यात गाव सांगता येतं, घर सांगता येतं, सांगायचं असेल तर काम पण सांगता येतं.

त्याला फोन नका करू आता. जो त्याच्या सगळ्यात जवळचा होता त्या एकट्यानं त्याच्या घरी जायचं, मेळाव्याचा विषय काढायचा नाही, चहा घ्यायचा, आपल्याही अडचणी बोलायच्या. पुन्हा महिन्यानं जायचं. या वर्षी तो नाही आला तरी चालेल.

शोधता शोधता कळलं की आमच्यातला एकजण कोविडमध्ये 2021 ला गेला. ग्रुपवर टाकू का? त्याच्या बायकोला फोन करणं बरं दिसेल का? (सोलापूरहून)

आधी घरच्यांकडून खात्री करा. आमच्याच ग्रुपवर एकाला श्रद्धांजली वाहून झाली, पन्नास जणांनी हात जोडले, आणि गेला होता तो त्याच नावाचा चुलत भाऊ, आमच्या वर्गातला माणूस जिवंत होता. त्याच्या मुलीनं ते मेसेज कुणाच्या तरी मोबाईलवर वाचले. त्या दिवसाची आठवण आली की आजही मला कसंतरी होतं.

खात्री झाली की वहिनींना फोन जरूर करा, फोन करण्यापेक्षा दोघं जाऊन या. जाताना तुमच्या वर्गाचा फोटो मोठा करून न्या, ज्यात तो आहे. चांगल्या स्टुडिओत जुना फोटो साफ करून मिळतो. मुलांनी बाप चाळिशीचा बघितलेला असतो, चौदा वर्षांचा, ढगळ खाकी चड्डीतला बाप त्यांनी कधी बघितलेला नसतो. त्याचा एखादा किस्सा सांगा त्यांना, तो कुठल्या बाकावर बसायचा ते सांगा. आणि मेळाव्यात हजेरी घेणार असाल तर त्याचं नाव गाळू नका, नाव घ्या आणि दोन क्षण थांबा, मग पुढचं नाव.

मी सध्या वापीला एका कंपनीत आहे. तुमचा लेख वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी 1986 ला नववीतून शाळा सोडली, वडील वारले होते. मागच्या वर्षी गावी गेलो तर स्टँडवर आमच्याच वर्गाच्या मेळाव्याचा फ्लेक्स लागलेला, सगळ्यांचे फोटो, मी नाही. मला कुणी शोधलं नसेल का? दहावी न केलेल्यानं आपणहून जाणं बरोबर दिसेल का? रोल नंबर 38 होता माझा. (वापी, गुजरात)

भाऊ, तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

शोधलं नसेल असं धरून चालू नका. त्यांनी बहुतेक दहावीची यादी घेतली असणार आणि तुमचं नाव त्यात नसल्यामुळं कुणाच्या डोळ्यांसमोर आलंच नसेल, ही चूक सगळीकडं होते, म्हणून तर पहिल्या उत्तरात एवढं भांडून लिहिलंय. आणि ज्यांना तुमची आठवण होती ते तुम्हाला गावात शोधत असतील, वापीत शोधायचं त्यांना सुचणार कसं?

आपणहून जाणं शंभर टक्के बरोबर आहे. दोन कामं करा. शाळेच्या पत्त्यावर मुख्याध्यापकांच्या नावे एक पोस्टकार्ड टाका, त्यात रजिस्टरमध्ये असेल तसं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, शाळा सोडल्याचं वर्ष, तुकडी आणि तुमचा मोबाईल नंबर, आणि "आमच्या बॅचचं कुणी आलं तर द्यावा" एवढी एक ओळ. दुसरं, फ्लेक्सवर खाली कोपऱ्यात तो छापणाऱ्या दुकानाचं नाव असतं. गावात कुणाला तरी ते दुकान विचारा. ज्यांनी फ्लेक्स करून घेतला त्यांचा नंबर दुकानदाराकडं असतो, तुमचा नंबर त्यांच्यापर्यंत पोचवायला सांगा.

आणि माझ्यासाठी एक काम करा. चाळीस वर्षांनी तुम्ही पत्रात रोल नंबर लिहिलाय म्हणजे हजेरी तुमच्या कानात अजून आहे. 37 कोण होता आणि 39 कोण होता, दोघांची नावं आठवतील तशी कागदावर लिहा आणि मला अंकाच्या पत्त्यावर पाठवा. ती नावं इथं छापायची नाहीत, मी स्वतः त्यांना फोन करते.